वाढीव किलोमीटर

पाऊस आला तेव्हा जेर्त्सा द्वोर गावाच्या पुढच्या वळणावर होती, आणि जवळपास आडोसा म्हणून एकच होता – गवत वाळत घालायचा लाकडी मांडव. ती सायकलसकट आत घुसली. आत आधीच एक सायकल उभी होती, आणि तिच्या शेजारी एक उंच तरुण एका पायावर उभा राहून मोजा पिळत होता.

"या," तो म्हणाला. "जागा पुष्कळ आहे. फक्त तिकडे उभ्या राहू नका, गळतंय."

ती हसली आणि नेमकी गळतं तिथेच जाऊन उभी राहिली. मानेवर थेंब पडला तशी चटकन सरकली. आता दोघं शेजारी-शेजारी. बाहेर क्रका नदी पावसाने करडी दिसत होती, आणि मांडवात ओल्या गवताचा गोडसर वास कोंडला होता. त्याचं लक्ष तिच्या हँडलवरच्या मीटरकडे गेलं.

"चोवीस? कुठून निघालात?"

"नोवो मेस्तोहून. पुलापासून."

"मीही पुलापासूनच. याच रस्त्याने." त्याने आपल्या मीटरवरचं पाणी अंगठ्याने पुसलं. "माझ्यावर बावीस आहेत."

"मग बिघडलंय तुमचं."

"किंवा तुमचं."

"माझं चुकत नाही." जेर्त्साने हनुवटी वर केली. "मी औषधांच्या दुकानात काम करते. लोकांना थेंब मोजून देते."

"अच्छा... थेंब मोजणाऱ्या बाईंना दोन किलोमीटर जास्तीचे सापडलेत, आणि त्या ते परत करायला तयार नाहीत."

तिला हसू आलं. ते लपवायला तिने केस पुसायला घेतले.

"हे मीटर रस्ता मोजतच नाही," तो सांगू लागला. "चाकाच्या फेऱ्या मोजतं नुसत्या. चाकाचा घेर किती, ते आपण त्याला सांगितलेलं असतं. तेच चुकीचं सांगितलं, तर ते बिचारं इमानेइतबारे चुकत राहतं. घरी गेलात की टायरवर खडूची एक खूण करा, सायकल एक फेरीभर पुढे न्या, आणि जमिनीवर अंतर मोजा. कळेल कोण खरं."

"आणि तुमचंच खोटं निघालं तर?"

"तर कॉफी माझ्याकडून. तुमचं निघालं तरी माझ्याकडूनच."

त्याचं नाव लेनार्ट. संगीत शाळेत क्लॅरिनेट शिकवायला तो नुकताच तिच्याच गावी, झुझेमबेर्कला, आला होता, दूर प्रेकमुर्येहून, जिथे चढ म्हणून एखादा पूल असतो तेवढाच. पाऊस थांबला तरी दोघं काही वेळ मांडवातच उभी होती. थांबलाय हे आधी कोणी म्हणायचं, एवढाच प्रश्न होता.

जेर्त्साने खडू काही हातात घेतला नाही. गरज काय? ते मीटर तिला तिच्या मावसभावाने, टीनेने, दिलं होतं. त्याने नवं घेतलं तेव्हा जुनं तिच्या हँडलवर आलं, आणि पहिल्या दिवसापासून तिची सायकल अशी काही पळू लागली! गावच्या सायकल मंडळातल्या पोरींमध्ये तिच्याइतके किलोमीटर कुणाचेच होत नव्हते. असं सुख कोण तपासून बघतं?

लेनार्ट तिच्याच सायकल मंडळात आला. संध्याकाळी सगळे निघायचे, आणि का कोण जाणे, ही दोघं नेहमी घोळक्याच्या शेवटी असायची. दहा किलोमीटर झाले की ती आपलं मीटर त्याला दाखवून म्हणायची, "बघ, मी तुझ्या पुढे आहे."

"शेजारी आहेस," तो म्हणायचा.

ते दोन शब्द तो ज्या आवाजात म्हणायचा, त्याने तिचे कान तापायचे. मग ती जोरात पॅडल मारायची, त्याने मागे यावं म्हणून.

जूनमध्ये मंडळाची मोठी फेरी असे. तरुणांपेक्षा त्यात म्हातारी माणसंच जास्त. गुडघे दुखणारे, हृदयाची गोळी घेणारे, वर्षभर याच एका दिवसाची वाट बघणारे. म्हणून नियम ठरलेला: साठ किलोमीटरच्या वर एक पाऊल नाही. यंदा रस्ता आखायचं काम स्लावका मावशींनी लेनार्टकडे दिलं. मावशी मंडळाच्या अध्यक्ष. पोराच्या अंगावर जबाबदारी टाकली की पोर गावचं होतं, असं त्यांचं गणित. त्याने मन लावून नदीकाठचा सपाट रस्ता शोधला, दोनदा फिरून मोजला.

"अठ्ठावन्न," बैठकीत त्याने सांगितलं.

जेर्त्सा परवाच त्या रस्त्याने जाऊन आली होती. त्याच्यासोबतच. "साडेत्रेसष्ट," ती म्हणाली.

खोलीत कुजबुज सुरू झाली. लेनार्ट तिच्याकडे बघून हळूच हसला. त्याला वाटलं, ती गंमत करतेय. "जेर्त्सा, तुझं मीटर..."

"माझं मीटर दोन वर्षं सगळे बघतायत." चारचौघांत तो आपल्याला खोटं पाडतोय, असं तिला वाटलं आणि आवाज चढला. "तुमच्याकडे सगळं सपाट असतं, लेनार्ट. इथला रस्ता लांब असतो."

लोक हसले. तो हसला नाही. आणि त्या काळी फोन नुसता बोलायच्याच कामाचा होता. अंतर विचारायचं तर कुणाला? मंडळाने जुन्या माणसाचं ऐकलं. जुनी म्हणजे जेर्त्सा. नदीकाठचं मोठं वळण गाळलं आणि त्याऐवजी टेकडीवरून जाणारा जवळचा रस्ता घेतला. चढ होता, पण छोटा. उतार होता, पण... बघू म्हणाले.

फेरीच्या आदल्या दिवशी, उन्हं अजून अंगणात होती, तेव्हा जेर्त्साने खडू घेतला. लेनार्ट बैठकीनंतर तिच्याशी नीट बोलला नव्हता. त्याला आकडा दाखवावा आणि मग मोठ्या मनाने माफ करावं, असं तिच्या मनात होतं. आधी तिने मीटरची बॅटरी बदलली. चाकाच्या आऱ्यावरचं चुंबक आणि फोर्कवरची, फेऱ्या मोजणारी डबी जवळ आहेत ना, ते पाहिलं. सगळं जागच्या जागी. मग टायरवर खूण केली, सायकल सरळ रेषेत एक फेरीभर नेली, आणि शिवणाची टेप फरशीवर पसरली.

दोनशे दहा सेंटिमीटर.

मीटरची बटणं दाबून तिने आत भरलेला घेर बघितला. दोनशे तीस.

तिने पुन्हा मोजलं. आणखी एकदा मोजलं. मग टीनेची सायकल तिच्या डोळ्यांसमोर आली – जंगलातून दामटायची ती मोठ्या चाकांची, जाड टायरची सायकल. मीटर त्या चाकाचा घेर धरून बसलं होतं, आणि तिच्या बारक्या चाकाच्या प्रत्येक फेरीला वीतभर रस्ता फुकट वाढवून देत होतं. दोन वर्षं.

अंगणात कुणी नव्हतं, तरी तिने टेप घाईघाईने गुंडाळून ठेवली. चेहरा असा पेटला होता, की तिने नळाखाली धरला. उद्या सकाळी सांगू, असं तिने ठरवलं. सगळे जमले की, निघायच्या आधी. रस्ता तेव्हाही बदलता येईल.

सकाळी चौकात सगळे जमले. स्लावका मावशी पायरीवर चढल्या. "आपल्या जेर्त्साने वेळीच पकडलं म्हणून बरं," त्या म्हणाल्या, "नाहीतर या आमच्या क्लॅरिनेटवाल्याने म्हाताऱ्यांना पळवून पळवून मारलं असतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेनार्टने मान खाली घालून हेल्मेटचा पट्टा आवळला. जेर्त्साच्या तोंडापर्यंत शब्द आले होते... आणि ती हसली. टाळ्यांना हसून मान तुकवली. छोटी तर टेकडी आहे, ती मनात म्हणाली.

टेकडीवर अर्धे लोक उतरून चालू लागले. आलोयझ काका उतरले नाहीत. सत्तरी उलटलेले, स्वतःची द्राक्षबाग स्वतः राखणारे. ते वर पोचले, सगळ्यांना हात केला, आणि पलीकडच्या उतारावर, ओल्या पानांवरून घसरून गटारात पडले. खांद्याचं हाड मोडलं.

"कुणी आखला हा रस्ता?" कुणीतरी ओरडलं.

"मी," लेनार्ट म्हणाला. तो काकांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. "मोजणी माझी चुकली, म्हणून टेकडीवरून यावं लागलं."

जेर्त्सा दहा पावलांवर उभी होती. सगळं ऐकत होती.

पुढचे दिवस तिला दुकानात उभं राहवेना. लोक गोळ्या मोजून घेताना म्हणायचे, "तू मोजलंस म्हणजे बघायला नको," आणि ती मान वर न करता पुन्हा एकदा मोजायची. लेनार्टने मंडळ सोडलं. रस्त्यात दिसला तर मान हलवायचा, थांबायचा नाही. एकदा त्याच्या सायकलच्या हँडलकडे तिची नजर गेली. मीटर काढून टाकलेलं होतं. ज्याचं बरोबर होतं, त्याचाच स्वतःवरचा विश्वास उडाला होता. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

आलोयझ काका इस्पितळातून आले, तेव्हा स्लावका मावशींनी आपल्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. अक्रोडाचं सारण भरलेला गोड पाव, पोतित्सा, कापला, पेल्यांत वाइन ओतली. लेनार्टलाही काकांनी हट्टाने बोलावलं होतं. तो कुंपणाजवळ उभा होता. जेर्त्सा उठली.

"मला... मला एक सांगायचंय. रस्ता अठ्ठावन्नच होता. मीटर माझं चुकीचं होतं, दुसऱ्याच्या चाकाचं माप होतं त्यात." इथे थांबली असती तर चाललं असतं. कुणीही मीटरलाच बोल लावला असता. ती थांबली नाही. "आणि हे मला आदल्या संध्याकाळी कळलं होतं. मी मोजलं होतं. सकाळी मी बोलले नाही."

"का गं?" स्लावका मावशींनी हळू विचारलं.

"टाळ्या वाजल्या म्हणून."

आलोयझ काकांनी झोळीतला हात जरा सावरला. "खांदा माझा मोडलाय," ते म्हणाले, "तेव्हा मीच बोलतो. बस खाली, पोरी. पोतित्सा वाळतेय." पण ते हसले नाहीत, आणि तिला तेच योग्य वाटलं.

लेनार्टने पेला कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि फाटकातून निघून गेला. ती मागे धावली.

"लेनार्ट, मी..."

"मी तो रस्ता परत तीनदा फिरलो," तो वळून म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "काका पडल्यावर. दर वेळी अठ्ठावन्न. मला वाटलं, मलाच वेड लागलंय. आणि तुला माहीत होतं."

"हो."

"मी तुझ्या बाजूने होतो, जेर्त्सा. तू सगळ्यांपुढे मला सपाट म्हणालीस, तेव्हासुद्धा."

तिला रडू आलं, पण त्याच्यासमोर रडायचा आपल्याला हक्क नाही असं वाटून तिने ओठ दाबून धरले. तो गेला.

उन्हाळाभर तिने एकच केलं. सुट्टीच्या दिवशी आलोयझ काकांच्या बागेत जायची. तण काढायची, वेली बांधायची, काकांच्या शिव्या खायची. "गाठ अशी मारतात? वेल आहे ती, बैल नाही." हळूहळू शिव्या कमी झाल्या. मंडळात लोक तिच्याशी बोलत, पण बेतानेच. तिने कुणावर राग धरला नाही. लाज मात्र होती, रोजची... सकाळी उठलं की उशाशी बसलेली.

सप्टेंबरच्या शेवटी द्राक्षं काढायला सगळं गाव बागेत आलं. जेर्त्सा एका ओळीत वाकून घड कापत होती. हात रसाने चिकट झाले होते. तेवढ्यात वेलीच्या पलीकडून दुसऱ्या कात्रीचा आवाज आला, तिच्याच गतीने पुढे सरकणारा. पानांमधून तिला एक उंच खांदा दिसला.

ती गोठली. मग पुन्हा कापू लागली.

"काकांनी बोलावलं," पलीकडून लेनार्ट म्हणाला.

"बरं केलंस आलास."

दोघं दोन-तीन वेली पुढे सरकली. कात्र्या तेवढ्या बोलत होत्या.

"मी अजून रागावलोय."

"माहीत आहे."

"काकांनी तर मागेही बोलावलं होतं. वेली बांधायला. तेव्हा नाही आलो." तो थांबला. "आज सकाळी त्यांना विचारलं, ती असणार का. हो म्हणाले... म्हणून आलो."

जेर्त्साच्या हातातला घड बादलीत पडायच्या ऐवजी पायावर पडला. ती खाली बसली, सांडलेले मणी गोळा करू लागली, आणि खाली बघतच, पुटपुटल्यासारखं म्हणाली, "मला तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून. मी फार वाईट वागले, आणि तरी आवडतोस."

पलीकडची पानं हलली.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला.

ती उठून उभी राहिली. वरच्या ओळीत स्लावका मावशी होत्या, खाली काका, इकडेतिकडे सगळं मंडळ. चेहरा पुन्हा पेटला, पण या वेळी तिने तो खाली घातला नाही.

"मला तू आवडतोस," ती मोठ्याने म्हणाली.

टेकडीभर कात्र्या थांबल्या. खालून आलोयझ काकांचा आवाज आला, "मला ऐकू आलं हो. आता त्याला विचार."

लेनार्टने दोन्ही हातांनी वेल बाजूला केली. त्याचेही कान लाल झाले होते. "मला मघाशीच आलं होतं," तो म्हणाला. "परत ऐकायचं होतं फक्त."

आणि त्याने पानांमधून आपला चिकट हात तिच्यापुढे धरला.