पिवळ्या खोलीतला पांढरा उजेड

"माझी सून वेंधळी आहे," खुर्चीत बसता बसता बाई म्हणाल्या. "घरात दूध तिच्या हातून हमखास उतू जातं. पण कामात नाही. मी जन्मभर ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होते, मला कळतं."

अप्पांनी चष्मा काढून डोळे चोळले. खासगी तपासाच्या धंद्यात त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि हल्ली प्रत्येक प्रकरण आधीच्याच प्रकरणासारखं वाटे. शेजारी त्यांचा मेहुणा बसला होता, बायकोचा धाकटा भाऊ आणि धंद्यातला मदतनीस. तो चहात बिस्किट बुडवत होता. बिस्किट मोडून आत पडलं.

"तिच्यावर आळ काय आहे?" अप्पांनी विचारलं.

"संशोधन संस्थेत ती मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर बनवते. नखाएवढे. सगळी खेप काल दुपारी खराब झाली. म्हणतात, हिचा हलगर्जीपणा. आज संध्याकाळी काढून टाकणार आहेत. असा शिक्का बसला की पुन्हा कोणी तिला प्रयोगशाळेच्या दारात उभं करणार नाही." बाईंनी पदर सावरला. "आणि त्या वेळी मीच फोन करून तिला बाहेर बोलावलं होतं. कुकरची शिट्टी होत नव्हती म्हणून."

अप्पा उठले. गुडघा कुरकुरला. "चल रे," ते मेहुण्याला म्हणाले.

संस्थेच्या संचालिकेने घड्याळाकडे बघतच त्यांना आत घेतलं.

"काम सोपं आहे. सिलिकॉनच्या चकत्यांवर लेप चढवतात आणि त्यावर नक्षी उमटवतात. त्या लेपाला पांढऱ्या उजेडाचं वावडं. म्हणून ती खोली पिवळ्या दिव्यांची, बाहेरचा बोळही पिवळ्या दिव्यांचा. तिने चकत्यांचा ट्रे उघडाच शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली नेला असणार. तिथे पांढरे दिवे आहेत. झालं."

"नेताना कोणी पाहिलं?"

"पाहायला कशाला हवं? पांढरा उजेड लागला हे तर नक्की."

"आणि या सेन्सरचा उपयोग?"

"शहराबाहेरच्या सखल जमिनीवर वस्ती होणार आहे. ती जागा बांधकामाला योग्य असल्याचं आमच्या गणिती नकाशाने सांगितलंय. हे सेन्सर तिथे पुरून खात्री करायची होती. आता वेळ नाही. आज संध्याकाळी समितीसमोर नुसता नकाशा जाईल."

पिवळ्या खोलीत शिरायला पायघोळ पांढरे पोशाख चढवावे लागले. मेहुणा त्यात खोळीत कोंबलेल्या उशीसारखा दिसत होता. सून आत उभी होती, डोळे सुजलेले.

"मी चकत्या या टेबलावर गार व्हायला ठेवल्या," तिने बोळाकडच्या खिडकीला लागून असलेलं टेबल दाखवलं. "ट्रे उघडाच ठेवतात, इथे चालतं. दाराला कुलूप लावून फोन घ्यायला गेले. परत आले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. नंतर नक्षी उमटवायच्या द्रावणात घातलं तर सगळाच लेप धुऊन गेला."

"ट्रे तुमचा हे कसं ओळखायचं?"

"माझ्या ट्रेना पिवळी पट्टी असते, यंत्रमामांच्या ट्रेना पांढरी. पट्टीवर आकडाही असतो."

"अरे, तो पिवळ्या पट्टीचा ट्रे दे बघू," अप्पा म्हणाले. मेहुण्याने फळीवरून एक उचलून दिला. सुनेने आकडा वाचला आणि तो परत ठेवला. "हा मामांचा."

"डोळे घरी विसरलास का?" अप्पा वैतागले.

यंत्रमामा खोलीची यंत्रं सांभाळत. दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती, आणि त्यांचा पुतण्या नोकरीच्या शोधात होता. हे त्यांनी आपणहूनच सांगितलं.

"म्हणजे संशय माझ्यावर यायला हरकत नाही," ते म्हणाले. "पण मी सगळ्यांबरोबर जेवत होतो. किल्ली कमरेला."

"आत पांढरा दिवा आहे?"

"आहे की. साफसफाईसाठी. बटण बोळातल्या भिंतीवर, त्या झाकणाखाली. आधी सगळा माल काळ्या पेट्यांत बंद करायचा, मग दिवा लावायचा. संस्थेत सगळ्यांना ठाऊक आहे."

शेवटी नकाशेसर. जमिनीच्या वापराचं गणित मांडून नकाशे करणारे म्हणून हे नाव. निवृत्ती तोंडावर आलेली. भिंतीवर त्या सखल जमिनीचा नकाशा होता आणि खालच्या खुर्चीवर सर होते, अप्पांहूनही थकलेले.

"पोर निष्काळजी नाही," ते म्हणाले. "माझीच विद्यार्थिनी. दमली असेल, माणूस दमतो."

"तुम्ही त्या खोलीत जाता कधी?"

"त्या पोशाखात माझा जीव घुसमटतो. पाऊल टाकलेलं नाही. काल बोळातून जाताना खिडकीतून नजर टाकली, इतकंच. टेबलावर तिचा ट्रे होता."

"मामांचा असेल."

"छे! पिवळ्या पट्टीचा होता. पांढऱ्या पट्टीचा एकही नव्हता, मी नीट पाहिलं. निदान मामांचं काम तरी वाचलं."

अप्पांनी वळून भिंतीवरचा नकाशा पाहिला. मग जड आवाजात म्हणाले, "सर, जरा बोळात येता?"

बोळात सगळे जमले. अप्पांनी सुनेला आत पाठवून टेबलावर दोन ट्रे ठेवायला सांगितले, आकडे भिंतीकडे करून. दोन्ही रिकामे होते. बाकी सगळा माल पेट्यांत बंद करवला.

"सर, खिडकीतून बघा. हिचा ट्रे कोणता?"

नकाशेसर वाकले. काचेला नाक लावलं. त्यांना सांगता येईना. पिवळ्या उजेडात दोन्ही पट्ट्या अगदी सारख्या दिसत होत्या.

"मामा, बटण."

पांढरा दिवा लागला. डावीकडची पट्टी हळदीसारखी पिवळी दिसू लागली.

सर खिडकीपासून मागे सरले आणि भिंतीला टेकले.

"माझा मेहुणा मघाशी चुकला नव्हता," अप्पा म्हणाले. "त्या दिव्यांत पिवळं आणि पांढरं वेगळं ओळखूच येत नाही. इथे काम करणारे आकडा वाचतात. सर, तुम्ही आत कधी गेला नाहीत, म्हणून हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्हाला पिवळी पट्टी खरंच दिसली. म्हणजे तुम्ही पाहिलंत तेव्हा खोलीत पांढरा दिवा होता. तो लावायला किल्ली लागत नाही. दुसऱ्या कोणी लावला असता तर आज सकाळीच तुम्ही तसं सांगितलं असतं. दिवा लावल्यावर मामांचं काम तर बिघडलं नाही ना, हे तुम्ही पाहून घेतलंत. माणूस चांगला आहात, त्यातच सापडलात."

मेहुण्याचा चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा झाला होता.

"तिथे जुना ओढा होता," नकाशेसर म्हणाले. "बुजवलेला. माझ्या गणितात मी ती कठीण जमीन धरली. चूक कळली तेव्हा नकाशा छापून झाला होता, कौतुकही झालं होतं. सेन्सर पुरले असते तर पहिल्याच दिवशी पाणी बोललं असतं."

"आणि लोक राहायला गेल्यावर?" सून म्हणाली. "सर, मला सांगायचं होतंत."

"तुला सांगितलं असतं तर तू सेन्सर आणखी नेटाने केले असतेस." सर म्हणाले. "दमलो होतो गं. वाटलं, एक बटण दाबलं की संपलं. तुझ्यावर येईल हा विचारच केला नाही. आणि आल्यावर गप्प बसलो."

अप्पांना जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. त्यांना त्या माणसाची कीव आली आणि रागही आला.

संचालिकेने घड्याळ पाहिलं. "समिती आता बसेल. आणि आपल्याकडे सेन्सर नाहीत."

"सेन्सर लागत नाहीत," नकाशेसर म्हणाले. "पाणी कुठे साचतं, मला पाठ आहे."

मामांनी भिंतीवरचा नकाशा काढून आणला. सरांनी खिशातून निळी पेन्सिल काढली आणि बोळातल्या बाकावर वाकून पहिली रेघ ओढली. पिवळ्या उजेडात ती काळी दिसली.

सुनेने त्यांच्या कोपराला धरून त्यांना उठवलं, कोणे एके काळी त्यांनी तिला फळ्यापाशी उभं केलं होतं तसं.

"इथे नको, सर," ती म्हणाली. "खाली समितीसमोर चला. तिथे काढा. मी धरते नकाशा."

ती दोघं जिन्याकडे गेली. तिचा फोन वाजला. "आई, उशीर होईल," ती चालता चालता म्हणाली. "आणि गॅसवर दूध असेल तर तेवढं बघा."