दुसऱ्याची टिकटिक

दिवा राहू दे, पण मोबाईल खिशात घाला. ही गोष्ट आमच्या पंपवाल्याची. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो बिचारा, त्याला थापा मारायला फुरसत कुठली!

त्याच्या बायकोचं हे दुसरं लग्न. पहिल्या नवऱ्याच्या हृदयात धातूची झडप बसवलेली होती. रक्त पुढे गेलं की ती मिटते, मागे फिरू देत नाही. आणि मिटताना वाजते. टिक. टिक. रोज त्याच्या छातीवर डोकं ठेवून बाई झोपायची. तो गेला आणि तिची झोपच उडाली.

"माझ्या छातीत काय दगड आहे का, काका?" पंपवाला मला विचारायचा. मेलेल्या माणसावर जळत होता पठ्ठ्या! त्याचा फोटोही याने माळ्यावर टाकून दिला.

मागच्या मार्चमधला दुसरा शनिवार. एका इमारतीत वर चढवलेलं पाणी टाकीतून पुन्हा खाली येत होतं. पाइपातली झडप बदलून हा रात्री दीडला घरी आला. बघतो तर बायको गाढ झोपेत. लग्नानंतर पहिल्यांदाच. याला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मग ऐकू आलं.

टिक. टिक.

घड्याळ असेल. याने सेल काढले.

टिक.

आवाज पलंगावरून येत होता. याच्या बाजूनं. गादी दबलेली... वर कुणी नाही. बायकोचा हात मात्र अधांतरी टेकलेला. हळूहळू वर जायचा... खाली यायचा...

घाबरला? घाबरलाच. पण त्याहून जास्त जळफळाट झाला.

"ऊठ," तो म्हणाला. "माझी जागा आहे ती."

आवाज थांबला.

हा आडवा झाला. गादी गरम होती. बायकोचा हात याच्या छातीवर आला. आणि मग... आतून...

सोमवारी डॉक्टरांनी छातीला नळी लावली. "झडप कधी बदलून घेतलीत?" त्यांनी विचारलं. याने सदरा काढून दाखवला. अंगावर एक टाका नाही.

मी स्वतः कान लावलाय, पोरांनो. वाजते.

"जाईल रे निघून," मी म्हटलं.

"झडप आहे ती, काका. आत आलेलं मागे सोडत नाही."

"आणि सूनबाई?"

त्याचे डोळे भरून आले.

"रोज माझ्या छातीवर डोकं ठेवून झोपते," म्हणाला. "पण ऐकते त्याला."