जोडसायकलची मागची सीट

हे मी रचून सांगत नाहीये. रचता आलं असतं, तर शेवट तरी बरा रचला असता.

गेल्या महिन्यातली गोष्ट. मी आणि माझा मोठा भाऊ, दादा, समुद्रकाठच्या रस्त्याने लांबच्या सायकल टूरला निघालो होतो. दादाला दिसत नाही. आजारपणात दोन्ही डोळे गेले. म्हणून जोडसायकल. पुढे मी, मागे तो. दोघांची पेडल एकमेकांना जोडलेली. मागच्याने जोर लावला की पुढच्याचे पाय आपोआप फिरतात.

दादा म्हणजे न थांबणारा रेडिओ. "छोट्या, आता समुद्र कसा दिसतोय?" हे सारखं चालू. मी सांगायचो. कंटाळा आला की काहीही ठोकून द्यायचो.

तिसऱ्या दिवशीची दुपार. लख्ख ऊन. एका वळणावर दादा लघवीला उतरला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला बुटका कठडा आणि खाली खडक.

मी सायकल धरून उभा होतो. जरा वेळाने मागची सीट दबली. पाठीवर दोन थापा पडल्या. ही आमची निघायची खूण.

मी निघालो.

"दादा, आता समुद्र अगदी हिरवा दिसतोय बघ."

उत्तर नाही...

"काय रे, दातखीळ बसली का? की वहिनीची आठवण येतेय?"

तरीही नाही.

फक्त पेडल फिरत होती. जोरात. दादाने एवढा जोर कधीच लावला नव्हता. खरं सांगतो, मला बरंच वाटलं.

तेवढ्यात हँडलवरचा फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं... दादा.

"छोट्या, कुठे गेलास रे? मी केव्हाचा इथेच उभा आहे."



मग मागे कोण होतं?

वळून बघायची हिंमत झाली नाही. दोन्ही ब्रेक करकचून दाबले. पेडल फिरतच राहिली... माझे बूट त्यांत अडकवलेले. टाच वळवली की ते सुटतात. त्या दिवशी सुटेनात. माझेच पाय मला दादापासून लांब नेत होते.

"दादा, हलू नकोस! आहेस तिथेच खाली बस!"

"का रे? अरे, आलास की तू. दे हात."

"दादा, तो मी नाही!"

दादा हसला. "पुरे झाला चावटपणा. भावाचा आवाज ओळखत नाही का मी?"

आणि फोनवर आणखी एक आवाज आला...

"चल दादा. हळू. आता पाय जरा उंच उचल."

तो आवाज माझा होता.

मी ओरडलो. रडलो. विनवण्या केल्या. फोन बंद पडला.

काही वेळाने पेडल एकदम सैल झाली. मागे पाहिलं. सीट रिकामी होती.

जीव मुठीत धरून परत आलो. दादा कठड्याच्या पलीकडे होता, एका झुडपाला घट्ट धरून. मी हात पुढे केला.

"जवळ येऊ नकोस!" तो किंचाळला. "तूच ढकललंस मला!"

माझा हात त्याने धरलाच नाही. शेवटी एका ट्रकवाल्याने थांबून त्याला वर ओढलं. मी नुसता बघत उभा राहिलो.

घरी सगळं सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, काही दिवस येऊ नका."

आज सकाळी त्यांचा फोन आला. आवाज मोकळा होता.

"बरं झालं, तुम्ही ह्यांची समजूत काढलीत. काल किती वेळ हसत होते फोनवर तुमच्याशी. उद्या फिरायला नेताय ना?"

मी फोन केलाच नव्हता.

तसं सांगितलं. "पुन्हा तेच सुरू करू नका," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

उद्या मी उजाडायच्या आत त्यांच्या दारात जाऊन उभा राहणार आहे. पण दादाला मी दिसणार नाही. दोन्हीकडून माझाच आवाज आला, तर तो कोणाचा हात धरेल?