टाचेमागची जागा

नेदरलँड्स म्हणजे हातानं सपाट करून अंथरलेल्या चादरीसारखा देश. अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये चढ म्हणाल तर कालव्यावरचा पूल, आणि त्यावरही लोक सायकलचे गिअर बदलतात. पण फेब्रुवारीत शाळांना सुट्टी लागली की हीच माणसं गाडीच्या टपावर स्की बांधतात आणि पोराबाळांसकट ऑस्ट्रियाच्या डोंगरांवरून घसरायला निघतात. असं का, हे अभिराम देवस्थळीनं इतक्या वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. आपल्याला काय करायचंय, असा त्याचा सरळ हिशेब.

मग जानेवारीत लॉटेच्या आईचा फोन आला. शलाका आमच्याबरोबर येईल का, असं ती विचारत होती.

शलाका म्हणजे अभिरामची मुलगी, वय वर्षं दहा. शाळा बदलल्यापासून ती घरात कामापुरतं बोलायची. आईबाबांनी मराठीत विचारलं की डचमध्ये एका शब्दात उत्तर, की गेली खोलीत. वर्षभरात जोडलेली मैत्रीण ही एकच, लॉटे. फोन ठेवल्यावर अभिराम नकाराची तयारी करत होता, तेवढ्यात पोरगी स्वतःहून जवळ आली आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, मला जायचंय." काहीतरी हवंय असं ती कित्येक महिन्यांत पहिल्यांदा म्हणत होती. त्याच्या बायकोनं, विशाखानं, स्वयंपाकघरातूनच होकार देऊन टाकला.

लॉटेच्या आईची अट एवढीच होती, की निघण्याआधी शलाकाला एकटीनं उतार उतरता आला पाहिजे. त्याची सोय ह्या सपाट माणसांनी करून ठेवलेली आहे. रॉटरडॅमच्या वाटेवर, कांद्याबटाट्याचं गोदाम असावं तशा एका लांबलचक पत्र्याच्या इमारतीत बारा महिने खोटा बर्फ पाडतात. तिथं शनिवारी दुपारी शिकवणी लावली. राहिले बूट.

दुकानातल्या मारिट नावाच्या मुलीनं शलाकाचा पाय मापला. मग बुटातला मऊ भाग बाहेर काढला, प्लास्टिकच्या नुसत्या कडक कवचात पाय ठेवायला लावला, बोटं पुढे टेकवली आणि टाचेमागे स्वतःचं एक बोट घालून पाहिलं. एक बोट जागा म्हणजे माप बरोबर. विशाखाला ते पटेना. तिचं सगळं लहानपण सदाशिव पेठेत वाढत्या अंगाच्या कपड्यांत गेलेलं. परकराला आत दोन टिपा, गणवेशाला खाली चार बोटं दुमड, आणि बूट असे की पुढे कापूस कोंबून पहिलं वर्ष काढायचं. तिनं विचारलं, एक माप मोठा दिला तर पुढच्या वर्षीही चालेल ना? मारिट म्हणाली, ह्या बुटात पाय हलता कामा नये, पाय हलला की पोर पडतं. विशाखा गोड हसली आणि विचार करून येतो म्हणाली.

म्हणजे परत जायचं नव्हतं, हे अभिरामला कळलं. तो रॉटरडॅम बंदरातल्या एका कंपनीत कंटेनरमध्ये माल कसा रचायचा ते ठरवणारं सॉफ्टवेअर लिहायचा. आत मोकळी जागा राहिली की माल सरकतो, ही गोष्ट त्याच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? पण घरातल्या खरेदीत तोंड उघडायचं नाही, हे तो लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकला होता.

जुन्या वस्तूंच्या साइटवर विशाखानं हार्लेममधला एक जोड शोधून काढला. चांगला दोन मापं मोठा. शनिवारी सकाळी तिघं घ्यायला गेले. विटांचं अरुंद घर, दारात एक वयस्क बाई. आत या म्हणाली नाही. अंगणातल्या शेडमधून तिनं बूट आणले ते हात लांब धरून. निळे होते, जवळजवळ नवे. फक्त सगळ्या क्लिपा शेवटच्या खाचेपर्यंत आवळून लावलेल्या होत्या. रिकाम्या बुटाला क्लिपा कशासाठी, असं अभिरामनं सहज विचारलं.

"आम्ही तसेच ठेवतो," बाई म्हणाली. मग शलाकाकडे बघून तिनं विचारलं, "हिच्यासाठी? हिला मोठे होतील."

"वाढतं वय आहे," विशाखा म्हणाली.

बाईनं पुन्हा एकदा शलाकाच्या पायांकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि दार लावून घेतलं.

त्याच दुपारी पहिली शिकवणी. टाचेमागे तीन बोटं खुशाल जात होती. विशाखानं लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड चढवले, तरी बूट एकीकडे आणि पाय एकीकडे. शलाका उभी राहिली की पडायची. सोबत आलेली लॉटे हसली नाही, पण तिचा भाऊ हसला. परतताना शलाका खिडकीबाहेर बघत बसली आणि घरी येऊन न जेवता झोपली. अभिराम विशाखाला म्हणाला, अगं, आपण त्या दुकानात जाऊ. विशाखा म्हणाली, एकदा पडली म्हणून काय झालं, सायकल शिकताना तू पडला नव्हतास?

पुढच्या शनिवारी ती पडली नाही.

अभिराम काचेपलीकडे कॉफी घेऊन उभा होता. वरून निळ्या बुटांतली एक लहानशी आकृती निघाली आणि सुरळीत खाली आली. गुडघे सरळ, पाठ मागे झुकलेली, इतकी मागे की आता पडणारच. पण पोरगी आपली आरामखुर्चीत रेलल्यासारखी येत होती. शिकवणारा तरुण डोकं खाजवत म्हणाला, "ही मागे टेकते. मागे टेकलं की सगळे पडतात. ही पडत नाही."

शलाका धावत आली, गाल लाल, आणि बोलतच सुटली. घरी पोचेपर्यंत बोलत होती. मराठी, डच, इंग्रजी, सगळ्याची खिचडी. रात्री विशाखाचे डोळे भरून आले. बूट आता सैल होत नाहीत, हेही शलाकानं त्या बडबडीतच सांगितलं. दोन मोजे नकोत, एक पुरे.

अभिराम मोजमापातला माणूस. दुसऱ्या दिवशी त्यानं मारिटनं केलं तसं करून पाहिलं. मऊ भाग काढला, शलाकाचा पाय नुसत्या कवचात ठेवला, बोटं पुढे टेकवली. टाचेमागे दोन बोटं गेली. तिसरं जाईना. त्यानं तिला कागदावर उभं करून पायाची रेघ काढली. दुकानात मापलं होतं तेवढाच पाय, तिळभरही वाढलेला नाही. कवच आतून टेपनं मोजलं. गणितानं तीन बोटं जागा होती. हाताला मात्र दोनच लागत होती.

त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. पोरगी जेवणाच्या टेबलावर गाणं म्हणत होती. अशा वेळी उठून काय सांगायचं, की बुटात एक बोट जागा कमी पडतेय?

बूट बाहेर गॅलरीत असायचे, क्लिपा उघड्या. सकाळी त्या लावलेल्या दिसायच्या, शेवटच्या खाचेपर्यंत. अभिरामला वाटायचं, विशाखा लावते. एक दिवस विशाखा सहज म्हणाली, अरे, तू त्या क्लिपा इतक्या का आवळतोस, तुटतील ना. तो बरं म्हणाला.

तिसऱ्या शनिवारनंतर शलाका आंघोळीहून आली तेव्हा तिच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती. अभिरामनं पाय मांडीवर घेतला. दुखतं का? थोडं. बूट पुढे लागतात का? ती पायाकडे बघत राहिली.

"मी पुढे सरकते ना," ती म्हणाली.

"का?"

"मागे जागा द्यायला." हे तिनं बाकावर कुणी आलं की आपण सरकतो, तितक्या साधेपणानं सांगितलं. "मग मला टेकता येतं."

"कुणाला जागा द्यायला, शलू?"

तिनं खांदे उडवले आणि डचमध्ये म्हणाली, विचारलं नाही मी.

ती झोपल्यावर अभिराम गॅलरीत गेला. बाहेर पाणी गोठत होतं. त्यानं क्लिपा सोडवल्या आणि रिकाम्या बुटात हात घातला. पुढचं टोक बर्फासारखं गार होतं. टाचेकडची बाजू कोमट लागली, नुकतंच कुणी उठून गेलेल्या गादीसारखी.

हे बूट नकोत, असं त्यानं विशाखाला सांगितलं. कारण काय, तर काळी नखं. सुट्टीला आठवडा उरला होता. विशाखा म्हणाली, शेवटची शिकवणी तर होऊ दे, त्यात लॉटेची आई बघायला येणार आहे, नवे बूट घातले आणि पडली तर? त्यालाही ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. वर्षभर मुकी असलेली पोरगी बोलायला लागली होती, आणि ती पुन्हा गप्प झाली असती तर ते त्याला सोसलं नसतं.

शेवटच्या शनिवारी हॉलमध्ये गर्दी होती. लॉटेची आई काचेपाशी हात हलवत होती. शलाका सर्वांत उंच टोकावरून निघाली, सुरेख खाली आली, वळली आणि थांबली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती थांबली तिथून हललीच नाही.

अभिराम बर्फावर धावला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं त्याची बाही धरली आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये तसं म्हणाली, "बाबा, काढ. मला जागाच नाही आता."

तो गुडघ्यांवर बसला. पहिली क्लिप उघडली. दुसरी उघडेपर्यंत पहिली लागली होती.

त्यानं पुन्हा उघडली. अंगठ्यानं दाबून धरली. दुसऱ्या हातानं बुटाची जीभ ओढली आणि तिच्या टाचेमागे बोट घातलं.

एक बोट कसंबसं गेलं.

आत प्लास्टिक नव्हतं.

मऊ होतं. ऊन होतं. त्याचं बोट लागताच ते थोडं आत आखडलं, पाय बाजूला घेतल्यासारखं.

त्यानं तिला काखेत धरून उपटून काढलं. एक बूट, मग दुसरा. दोन्ही बूट बर्फावर उभेच राहिले.

बाकावर बसवून त्यानं तिचे मोजे उतरवले. दोन्ही टाचांवर, मागच्या बाजूला, लाल खळगे उमटले होते. प्रत्येक टाचेवर ओळीनं पाच. एक जरा मोठा, बाकीचे उतरत लहान. मागे कुणी अगदी चिकटून, पायाची बोटं टेकवून उभं असावं तसे.

विशाखानं ते पाहिलं. ती उठून गेली, बूट तिनंच उचलले आणि इमारतीमागच्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकून आली. हात धुवायला मात्र बराच वेळ लावला. लॉटेच्या आईला तिनं पाय मुरगळल्याचं सांगितलं.

तिथून घरी न जाता ती तिघं थेट मारिटच्या दुकानात गेली. मारिटनं ओळखलं, पण खोचक काही बोलली नाही. मऊ भाग काढला, पाय ठेवला, बोट घातलं. एक बोट. "मी बघू?" अभिराम म्हणाला. त्यानं बोट घालून पाहिलं. मागे गार, गुळगुळीत प्लास्टिक होतं, दुसरं काही नाही. त्यानं दुसऱ्या पायाचंही पाहिलं. मग पुन्हा पहिल्याचं. विशाखा म्हणाली, घट्टच बरे, पुढच्या वर्षी पुन्हा घेऊ. लग्नानंतर इतक्या वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून त्यानं पहिल्यांदा ऐकलं.

शलाकानं नवे बूट घालून चार पावलं टाकली. जरा लटपटली, पडता पडता सावरली, आणि स्वतःच खुदकन हसली. "आता फक्त मीच आहे," ती म्हणाली. अभिरामच्या छातीवरचा दगड उतरला.

बाहेर वारा सुटला होता. बस यायला वेळ होता, म्हणून विशाखा कोपऱ्यावरच्या गाडीवरून गरम पटात आणायला गेली. बटाट्याचे ते जाड काप आणि वर मेयोनीज, शलाकाचा जीव की प्राण. शलाका आपल्या पिवळ्या कोटात गुरफटून बाबाला टेकून उभी राहिली. कोट सेलमधला, बाह्या वीतभर लांब, पुढच्या हिवाळ्यातही यावा असा. थंडीनं तिनं बोटंही बाहेर ठेवली नव्हती. अभिरामनं बाहीवरूनच तिचा हात हातात घेतला होता. लहानसा, उबदार. दुकानाच्या दारापासून त्यानं तो सोडला नव्हता.

विशाखा कागदी कोन घेऊन आली. वाफा येत होत्या. शलाकानं कोटाची चेन आतूनच खाली ओढली आणि गळ्याशी दोन्ही हात बाहेर काढून कोन धरला. दोन्ही हातांनी. एक काप फुंकर घालून तोंडात टाकला.

अभिरामनं खाली पाहिलं. त्याच्या मुठीत पिवळी बाही होती, आणि बाहीत हात होता.

मग त्या हातानं, अनोळखी गर्दीत लहान मूल धरतं तसं, त्याचं एक बोट घट्ट धरलं.