तुटलेल्या वायरीवरचा कॉम्प्युटर

पटत नसेल तर सोडून द्या. पण माझ्या दोन्ही आतेभावांच्या बाबतीत हे घडलंय, आणि घरच्यांबद्दल असलं खोटं सांगायला माझी जीभ रेटणार नाही.

रविवार होता. भर दुपार. थोरला घरीच, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेला. कारखान्यातले कॉम्प्युटर तो घरूनच सांभाळायचा. धाकटा त्याच कारखान्यात फिटर. मोठ्या प्रेसचा साचा बदलायला एकटाच गेला होता. फोन स्पीकरवर.

"दादा, वरची प्लेट उचल की. डोळा लागला काय?"

"थांब रे बाबा. व्हीपीएनवरून कारखान्याचं नेटवर्क लागलंय, पण प्रेसच्या कॉम्प्युटरचं नावच सापडत नाहीये."

नाव टाकलं की सर्व्हर त्याचा नंबर शोधून देतो. त्या दुपारी सर्व्हर ढिम्म.

थोरल्याने मग त्या धंद्यातले सगळे करतात तेच केलं. डोक्यात होता तो नंबर स्वतःच लॅपटॉपच्या यादीत नावापुढे लिहून टाकला.

लगेच लागलं...

पडदा जुनाट, निळा. पासवर्डही विचारला नाही. कोपऱ्यात प्रेससमोरचा कॅमेरा दिसत होता. धाकटा चांगला लांब उभा होता.

आणि पडद्यावरचा बाण हलला...

थोरल्याचा हात माउसवर नव्हता.

"बाजूला हो," तो म्हणाला. "आधी बाहेर जा तू."



"दादा... कोणीतरी हात ओढतंय माझा."

कॅमेऱ्यात त्याचा उजवा हात ताठ झाला. बूट फरशीवरून घसरत गेले. समोर कोणी नव्हतं.

हात कोपरापर्यंत साच्यात गेला...

प्लेट खाली आली.

हाड फुटल्याचा आवाज स्पीकरवर स्पष्ट आला. मग किंकाळी. प्लेट वर गेली. पुन्हा आली. थोरल्याने वाय-फाय बंद केलं, लॅपटॉप उचलून जमिनीवर आपटला. पडदा फुटून काळा पडला.

फोनवर प्रेस चालूच...

धप्प.

धप्प.

मध्ये धाकट्याचं रडणं. मग तेही नाही.

वॉचमनने धावत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून जीव वाचला. हात गेला.

तो नंबर जुन्या कॉम्प्युटरचा निघाला. त्याच प्रेसमध्ये एक ऑपरेटर चिरडून मेला, तेव्हा तो कॉम्प्युटर भंगारात गेला होता. भिंतीतली त्याची वायर कापलेली होती. थोरल्याने ते तुटकं टोक स्वतः हातात धरून पाहिलं.

थोरल्याने नोकरी सोडली. आता भावाच्या खोलीतून हलत नाही. धाकटा म्हणतो, नसलेला हात अजून ओढला जातो. डॉक्टर म्हणतात, हात गेलेल्यांना असं वाटतं.

असेल बुवा.

पण परवा मी तिथे बसलो होतो. धाकटा गाढ झोपलेला. एकाएकी त्याचा उजवा खांदा गादीवरून वर उचलला गेला... आणि अख्खा माणूस पलंगाच्या कडेकडे सरकू लागला.

थोरल्याने त्याच्या कमरेला मिठी घातली. मला म्हणाला,

"पाय धर. आज जोर जास्त आहे."