पंख्याखालचं स्थिर पाणी

"माझी पिल्लं कुणीतरी मारतंय," डॉ. सौमू म्हणाली. "कोण ते मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त पुरावा काढून द्या."

रिझिकी शामतेच्या कपाळावर आठी पडली. गुन्हेगार आधीच ठरवून बसलेल्या गिऱ्हाइकाला गुप्तहेर नको असतो, होयबा हवा असतो. त्यात किल्व्याच्या किनाऱ्यावरची तापलेली दुपार, आणि इथवर येताना दिराच्या बजाज रिक्षानं दोनदा दगा दिलेला.

दीर हमादी दारात घाम पुसत उभा होता. "पिल्लं? अहो वहिनी, पोलिसांना कळवा की आधी!"

"माशांची पिल्लं, भावजी."

"हात्तिच्या!"

सौमूनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्पच झाला. खाडीकाठच्या या शेडमध्ये ती चार वर्षं तासी माशाची पिल्लं जगवायला धडपडत होती. समुद्रात लाखो अंड्यांमागे एखादंच पिल्लू मोठं होतं. ते कशाला बिचकतं, काय खातं, कशानं तगतं, हे उमगलं तर पिल्लं वाढवून खाडीत सोडता येणार होती. रिकामी जाळी घेऊन परतणाऱ्या गावाला पुन्हा मासा मिळाला असता.

"जन्मल्यावर थोड्याच दिवसांत पिल्लाला पाण्यावर येऊन हवेचा एक घोट घ्यावा लागतो," ती म्हणाली. "त्यानं पोटातली पिशवी फुगते. नाही फुगली, तर पिल्लू खातंपितं आणि भरल्या पोटी बुडून मरतं. पाण्यावर तेलाचा नुसता पापुद्रा असला, तरी त्याला तोंड वर काढता येत नाही. माझ्या तीन खेपा अशाच मेल्या. पाण्यावर तेल होतं. पंप गॉडलव्ह सांभाळतो, तेलाचे हात त्याचेच. शेडची दुसरी किल्लीही त्याच्याकडे."

"आणि आता?"

"ही शेवटची खेप, त्या कोपऱ्यातल्या कुलूपबंद टाकीत. आज-उद्या पिल्लं हवेला वर येतील. हीही गेली, तर संचालक शेड कोळंबीला देणार. गॉडलव्हसाठी संध्याकाळी पोलीस येतायत."

रिझिकीनं शेड पाहून घेतली. खिडकीलगत तीन टाक्या, मागे काळ्या कापडाखाली आणखी तीन. मेलेल्या खेपांचं पाणी सौमूनं पुरावा म्हणून तसंच ठेवलं होतं. तिनं मागच्या टाक्यांवरचं कापड बाजूला सारून दाखवलं. वर पंखा गरगरत होता.

"मागच्या टाक्यांतही तेल आहे?"

"नाही. ती पिल्लं उजेडाशिवाय तगतात का ते बघायला मी मुद्दाम अंधारात ठेवली होती. त्यांना खाद्य दिसलं नाही, उपाशी मेली. पण पिशव्या फुगलेल्या होत्या."

हमादी खिडकीजवळच्या टाकीत वाकून केस सारखे करत होता. "वहिनी, आरसा आहे हो अगदी! मागच्या टाकीत माझं तोंड नुसतं थरथरत होतं."

"तोंड राहू द्या," रिझिकी म्हणाली, पण तिनं दोन्ही पाण्यांवर नजर फिरवली. मग खिडकीजवळच्या पाण्यात बोट बुडवून हुंगलं. डिझेलचा वास नव्हता. टाकीच्या तळाशी पांढरा चुरा होता, आणि खिडकीपाशी एक बादली पालथी घातलेली.

"चुरा कसला?"

"खाद्याचा असेल," सौमू वैतागून म्हणाली.

"बाहेरचं कुणी ही पिल्लं पाहायला येतं?"

"कुणी नाही. साधा फोटोही दाखवता येत नाही. पंख्यानं पाणी हलतं, सगळं धूसर येतं. पंखा बंद केला तर पाणी तापतं."

"गावात तुमच्या वाईटावर कोण आहे?"

सौमूनं ओठ आवळले. "माझे वडील. कोंबो फाकी. भर बैठकीत म्हणाले, बादलीत मासे वाढवणारी मुलगी माझी नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. या शेडचा उंबरा त्यांनी कधी ओलांडलेला नाही."

संचालक मापुंडा कार्यालयात चहा पीत होता. "मी कशाला तेल टाकू, बाई? ती आपली आपणच हरतेय. मी नुसती वाट बघतोय." माणूस तिडीक आणणारा होता, पण बोलत होता ते खरं. शिवाय त्याच्याकडे किल्ली नव्हती.

गॉडलव्ह मुशी पंपाशेजारी मान खाली घालून बसला होता.

"मी तेल टाकलं नाही."

"डॉक्टर दुपारी जेवायला घरी जातात, तेव्हा इथं कोण येतं?"

त्यानं फडकं उचलून पंप पुसायला घेतला.

"अरे, तुरुंगात जाशील!"

"जाईन. पुढचं नका विचारू."

रिझिकीला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. ज्याला वाचवायचं तोच दार लावून बसला, तर करायचं काय?

कोंबो फाकीला गाठायला दोघांना गुडघाभर चिखल तुडवत जावं लागलं. म्हातारा उथळ पाण्यात होडीच्या काठावर वाकून बसला होता. गालात काहीतरी चघळत होता.

"शिकामू, मझे," हमादीनं वाकून वडीलधाऱ्याला करतात तसा नमस्कार केला.

"मराहाबा. हलू नका." म्हाताऱ्यानं पाण्यावर पिंक टाकली, खाली निरखून पाहिलं आणि भाला मारला. वर आला तो वळवळता ऑक्टोपस. मग कमरेच्या फडक्यातून त्यानं नारळाचा तुकडा काढून हमादीला दिला.

"अहो, एवढं गोड खोबरं आणि थुंकता काय!" हमादी चावता चावता म्हणाला.

"तुमच्या लेकीची पिल्लं मेली," रिझिकी म्हणाली.

"मरणारच. नुसते डोळे, अंगाचा पत्ता नाही. असली पोरं समुद्र सांभाळतो, बादली नाही. मी त्या शेडचं तोंडही पाहिलेलं नाही."

परतताना हमादी कुरकुरला, "म्हाताऱ्याचा काही उपयोग झाला नाही."

"झाला की. चला, पोलीस यायच्या आत पोचू."

संध्याकाळी सगळे शेडमध्ये जमले. रिझिकीनं निरोप धाडून बोलावलेला म्हातारा दाराबाहेरच अडून राहिला होता.

"डॉक्टर, वैऱ्यानं सगळ्याच टाक्यांत तेल ओतलं असतं," रिझिकीनं सुरुवात केली. "यानं कापडाखालच्या टाक्या सोडल्या. तेल फक्त खिडकीपाशी, जिथं उजेड आहे आणि बसायला बादली पालथी घातलीय. म्हणजे त्याला मारायचं नव्हतं. बघायचं होतं."

"बघायला तेल कशाला?" सौमू म्हणाली.

"भावजींनी दुपारीच दाखवलं. साध्या पाण्यात त्यांचं तोंड थरथरत होतं, तेलाच्या पाण्यात आरशासारखं दिसलं. पंख्याखालीसुद्धा. हे तेल पंपाचं नाही, त्याला डिझेलचा वास नाही. तळाशी पांढरा चुरा आहे. नारळ चघळून थुंकलं की त्याचं तेल पसरून पाणी स्थिर होतं आणि तळ दिसतो. ऑक्टोपस मारणारा तेच करतो."

हमादीचा आ वासला. "म्हणून थुंकत होते!"

"आणि ही पिल्लं बाहेरच्या कुणी पाहिलेली नाहीत, फोटोतही नाही. मग मझे, 'नुसते डोळे, अंगाचा पत्ता नाही' हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

अखेर गॉडलव्हनं मान वर केली. "मागच्या दारानं यायचे. दुपारी, डॉक्टर घरी गेल्या की. कुणाला सांगणार नाही, असं वचन घेतलं होतं माझ्याकडून. मी पंपाशी असायचो. नारळाचं मला खरंच माहीत नव्हतं."

सौमू दाराकडे वळली. तिचा आवाज फाटला. "तीन खेपा, बाबा! चार वर्षांचं काम! बघायचं होतं तर मला विचारायचं!"

"तू बोलत नव्हतीस."

"तुम्ही बोलत नव्हता!"

"नारळच तो," म्हातारा पुटपुटला. "आपण खातो. मला काय ठाऊक, त्यानं मरतील."

सौमूनं कपाळाला हात लावला. रडावं की ओरडावं, तिला कळेना. मग ती गॉडलव्हसमोर गेली. "माझं चुकलं."

"चुकलंच," तो म्हणाला. त्यानं किल्ली तिच्या हातात ठेवली. "उद्या येईन की नाही, ते उद्याच कळेल. आज मला फार राग आलाय." आणि तो निघून गेला.

रिझिकी पोलिसांना परत पाठवायला बाहेर गेली. सौमूनं कोपऱ्यातल्या टाकीचं कुलूप काढलं आणि पंखा बंद केला. क्षणात शेड भट्टी झाली.

"तोंड धुऊन या," ती बापाकडे न बघता म्हणाली. "पंखा फार वेळ बंद ठेवता येणार नाही."

म्हाताऱ्यानं गोड्या पाण्यानं खळखळून चुळा भरल्या, उंबरा ओलांडला आणि पालथी बादली टाकीपाशी ओढून तिच्यावर बसला. पाणी हळूहळू स्थिर झालं. एक ठिपका वर आला, पाण्याला टेकला आणि पुन्हा खाली गेला.

"घेतला," म्हातारा म्हणाला. "घोट घेतला गं त्यानं."

सौमूचा राग अजून उतरला नव्हता. पण पंख्याच्या बटणाकडे गेलेला हात तिनं मागे घेतला.