उसने अस्तर

गॅसवर चहा उकळत होता. सुचेताने रात्रभर पोटात ठेवलेले पाणी नळीवाटे पिशवीत सोडले. नळीला चिकटवलेली बोटभर दर्शक पट्टी ते पाणी तपासून रंग दाखवत असे: हिरवा चांगला, नारिंगी धोक्याचा. आज नारिंगी उमटला, कालच्यापेक्षा गडद. तिने शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या धाकट्या बहिणीला फोन लावला.

"मेघना, तुझा काय आलाय?"

"अजून पाहिलंच नाही गं. थांब... हिरवा."

सुचेताने फोन ठेवला.

वडिलांकडून दोघींनाही मूत्रपिंडाचा आजार आला होता. दोघी घरीच पोटातले डायलिसिस करत. पोटाच्या आत पातळ अस्तर असते, उदरावरण. त्यातून रक्तातला कचरा पोटात भरलेल्या पाण्यात उतरतो आणि पाणी बदलले की बाहेर पडतो. पण त्या पाण्यातल्या साखरेने अस्तर हळूहळू भाजत जाते, त्यावर व्रणाचे चिवट धागे चढतात आणि शेवटी ते गाळणे सोडून देते. सुचेताचे त्याच वाटेवर होते. ती कोपरापर्यंत हात धुई, मास्क बांधी, मीठ जपून खाई. मेघना लोणच्याची फोड चघळून झाली की गप्पा मारतच पिशवी बदलत असे. तरी हिरवा तिचाच.

"तिच्या अस्तराच्या पेशी रक्षक विकरं, म्हणजे एन्झाइम, भरपूर बनवतात," जळगावच्या डॉ. शाहीन तडवी म्हणाल्या. "भाजणारी रसायनं ती जागच्या जागी विझवतात. जन्मजात देणगी आहे."

"ती तिलाच का?"

"ते नाही सांगता येत, सुचेताताई. पण तुम्हा दोघींच्या पेशी जुळतायत, तर तिच्या थोड्या पेशी तुमच्या पोटात रुजवता येतील. प्रयोगशाळेत वाढवल्या की त्या हा गुण हरवून बसतात. माणसाच्या पोटातच टिकतात."

"मग घ्या की!" शेजारी बसलेली मेघना म्हणाली. तिच्या त्या सहजपणानेच सुचेता अधिक जळली. लहानपणी मेघना तिचे उतरलेले फ्रॉक घालायची. आता मोठीने धाकटीचे अस्तर घालायचे! पण जगायचे होते. तिने होकार दिला.

पेशी रुजल्या. नारिंगीचा पिवळा झाला आणि दिवाळीच्या सुमारास हिरवा.

त्याच हिवाळ्यात एका लग्नात, मंगल कार्यालयाच्या खोलीत, मेघनाने घाईघाईने पिशवी बदलली. पोटात जंतुसंसर्ग झाला. ती वाचली, पण अस्तराच्या वरच्या पेशी गेल्या. घरी आल्यावर तिने फोन केला.

"ताई, नारिंगी आलाय."

"अगं बाई!" सुचेता म्हणाली. पण त्याआधी, क्षणभरच, तिला आत कुठेतरी बरे वाटले होते. ते तिचे तिला कळले.

त्या पेशी आता फक्त सुचेताच्या पोटात उरल्या होत्या.

"काही काढून मेघनाला परत देता येतील," डॉ. तडवी म्हणाल्या, "पण त्यांच्याखालचं तुमचं अस्तर व्रणांचंच आहे. दोघींना पुरतील, किंवा एकीलाच. आधी कळणार नाही."

मेघनाने मागितले नाही. एकदाही नाही. मागितले असते तर सुचेताला रागावता तरी आले असते.

"काढा," सुचेता डॉक्टरांना म्हणाली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दोघींच्या खाटा शेजारी लावल्या होत्या. मेघना छताकडे पाहत म्हणाली, "ताई, माझा रंग बदलला तेव्हा तुला बरं वाटलं ना?"

सुचेताने डोळे मिटले. "हो."

"तुझा हिरवा आला ना, तेव्हा मलाही कसंतरी झालं होतं. तोवर ते माझं एकटीचं होतं."

सुचेताने खाटेबाहेर हात काढून तिचा दंड धरला. परिचारिका आली आणि वाकून खाटांच्या चाकांचे खटके सोडवू लागली.

"उद्या पुन्हा एकीचाच हिरवा आला," सुचेताने विचारले, "तर दुसरीने काय करायचं गं?"